बॅक कॉम्प्रेशनचा निकाल मोजून द्यावा

शहागंज, गुलमंडीतून माल भरून कन्नड, सिल्लोड, पैठणच्या बाजारी जाणाऱ्या आम्हा कापड व्यापाऱ्यांसाठी गाडी म्हणजे दुकानाचाच एक भाग. लग्नसराईत ती आठ दिवस गॅरेजात उभी राहिली की ते नुकसान वर्षभर भरून निघत नाही. इंजिनचे पूर्ण काम करून आणावे आणि महिनाभरात डिपस्टिक वर उडावी, ऑइलच्या झाकणातून धूर यावा, सीलमधून ऑइल गळावे, असे अनेकांच्या वाट्याला येते. मिस्त्री सांगतो, "बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिन पुन्हा उतरवावे लागेल." आमचे स्पष्ट मत आहे की तपासाविना हा निकाल मान्य करू नये.

पिस्टनच्या रिंगांवरून थोडा वायू प्रत्येक इंजिनात खाली उतरतोच. तो ब्रीदरच्या नळीतून बाहेर जातो. तेव्हा प्रश्न दोन आहेत: वायू जास्त उतरतो, की त्याची वाट बंद आहे? नळी तुंबली, दबली किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह उलटा बसला, तरी लक्षणे हीच दिसतात. म्हणून सुरुवात येथून करावी. यास खर्च जवळपास नाही.

वाट मोकळी असेल तर प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. पेट्रोल इंजिनात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजता आकडा बराच वाढला, तर दोष रिंग किंवा बोअरचा. वाढला नाही, तर व्हॉल्व्ह वा गॅस्केट पाहावे. डिझेलला हवेची परीक्षा बरी: पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवा सोडावी. ऑइलच्या झाकणातून सूं आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. टर्बो असेल तर त्याचे सीलही तपासावे.

नव्या रिंगा बसायला काहीशे किलोमीटर लागतात. धूर दिवसेंदिवस कमी होत असेल तर सबुरी धरावी. मात्र होनिंग नीट नसेल, किंवा गाडी तासन्‌तास नुसती चालू ठेवली, तर बोअर गुळगुळीत होऊन रिंगा बसतच नाहीत. यात मालकाचीही जबाबदारी आहे.

आम्ही गिऱ्हाइकाला कापड मोजूनच देतो. मिस्त्रीनेही काम देताना बोअरचे माप, रिंगांचे गॅप आणि प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन एका चिठ्ठीवर लिहून द्यावे. चूक बोरिंगवाल्याची असेल, तर तीच चिठ्ठी इमानदार मिस्त्रीला खोट्या आळातून वाचवील. व्यापारी बांधवांनी मजुरी ठरवतानाच ती मागावी.