ठसा गरिबाचा, विज्ञान कोणाचे?

शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या भिल-पावरा पाड्यांना पोलिसांचा पंचनामा नवा नाही. आता त्याच्या जोडीला विज्ञान येणार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाची घटनास्थळी भेट आवश्यक ठरवली असून राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली आहे. या तरतुदीचे स्वागत केलेच पाहिजे. परंतु हे विज्ञान आजवर कोणाच्या हाती राहिले, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

१८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या गोऱ्या अधिकाऱ्याने रस्त्याची खडी पुरवणाऱ्या राज्यधर कोनाईच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. त्याने पुढे करार नाकारू नये, एवढाच हेतू होता. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले. वर्गीकरणाचे कष्ट अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी उपसले. पद्धत ओळखली गेली ती पोलीसप्रमुख हेन्री यांच्या नावाने. पुढे १९११ च्या कायद्याने, जन्मावरूनच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या माणसांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला दिला.

गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. संशय मात्र उरला. २००३ मधील जालना जिल्ह्यातील एका खटल्यात भटक्या जमातीच्या सहा गरीब मजुरांना सर्वोच्च न्यायालयानेही फाशीचीच शिक्षा दिली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले. प्रत्यक्षदर्शी स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून आधी वेगळ्याच चौघांना ओळखले होते. त्यांच्यावर खटलाच भरला गेला नव्हता. न्याय मिळेपर्यंत सोळा वर्षे लोटली होती.

२०२२ च्या कायद्याने अटक झालेल्यांची मापे व नमुने घेऊन ती माहिती ७५ वर्षे जपण्याची सोय केली. गरिबाची नोंद ठेवण्यात शासन असे तत्पर आहे. त्याला निर्दोष ठरवू शकणाऱ्या पुराव्याबाबत तीच तत्परता कोठे आहे? महाराष्ट्रातील प्रयोगशाळा गृहखात्याच्याच अखत्यारीत आहेत. जे खाते आरोपी पकडते, त्याच खात्याने पुराव्याची परीक्षा करावी, हे न्यायाला धरून नाही.

म्हणून प्रयोगशाळा स्वायत्त झाल्या पाहिजेत. अहवालाला कालमर्यादा हवी, आणि गरीब आरोपीला वकिलाप्रमाणेच स्वतंत्र तज्ज्ञही शासकीय खर्चाने मिळाला पाहिजे. यासाठी अंदाजपत्रकात पुरेशी तरतूद व्हावी, ही मागणी शिरपूरपासून मुंबईपर्यंतच्या कार्यकर्त्यांनी लावून धरावी. पाड्यावरील माणसाच्या बाजूनेही विज्ञानाने साक्ष दिली, तरच या कायद्याला अर्थ राहील.