मॅमीला नाव नव्हतं

'गॉन विथ द विंड' हा सिनेमा मी कॉलेजात असताना पाहिला. पुढे कितीतरी वर्षं त्यातली स्कार्लेट डोक्यात होती. हट्टी, मतलबी, कुणाला न जुमानणारी! तिच्या कमरेच्या नाड्या आवळणारी जाडजूड काळी दाई आठवायची ती फक्त तिच्या वटारलेल्या डोळ्यांमुळे. तिचं नाव काय, असा प्रश्न कधी पडला नाही. पडला असता तरी उत्तर मिळालं नसतं. जवळजवळ चार तासांच्या त्या सिनेमात तिला स्वतःचं नावच नाही. सगळे तिला 'मॅमी' म्हणतात. तिला नवरा नाही, मुलंबाळं नाहीत, मालकाच्या घरापलीकडे जग नाही.

पुढे चळवळीत आल्यावर हे सगळं दिसायला लागलं. माध्यमांतल्या स्त्रीप्रतिमांवरच्या एका शिबिरात मी या मॅमीचं उदाहरण घेऊन तावातावानं बोलले. गुलामगिरी म्हणजे जणू मायेचं घरगुती नातं, असं हा सिनेमा भासवतो, हे सांगितलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हणाले, की ही भूमिका करणाऱ्या हॅटी मॅक्डॅनियलनं आपल्याच लोकांचा घात केला. तेव्हा मागच्या रांगेतून आमच्या गटातली, चार घरची धुणीभांडी करणारी एक बाई म्हणाली, "ताई, तिनं नाही म्हटलं असतं तर तिला राणीचं काम देणार होते का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण प्रश्न अडकून राहिला, आणि मी हॅटीविषयी मिळेल ते वाचायला लागले.

१८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला, हे आपल्याला ठाऊक आहे. हॅटीचे आईवडील त्याच मुक्त झालेल्या गुलामांपैकी. वडील यादवी युद्धात लढलेले. तेरा भावंडांत ही धाकटी. घरात दारिद्र्य आणि गाणं, दोन्ही भरपूर. भावंडांबरोबर फिरत्या खेळांतून ती गायली, नाचली, स्वतः गाणी रचली, १९२० च्या दशकात त्यांच्या रेकॉर्डही निघाल्या. १९२९ ची मंदी आली आणि काम बंद पडलं. मिल्वॉकीच्या एका क्लबात तिला काम मिळालं ते बायकांच्या स्वच्छतागृहात. तिथूनच हट्टानं ती मंचावर चढली. १९३१ साली लॉस एंजेलिसला आली, रेडिओवर गायली. पण त्या पैशांत भागेना म्हणून लोकांच्या घरी मोलकरणीचं काम चालूच होतं. म्हणजे पडद्यावर जे करायचं, ते ती प्रत्यक्षात करतच होती!

१९३९ च्या डिसेंबरात सिनेमाचा पहिला खेळ अटलांटात झाला. तिथल्या वर्णभेदाच्या कायद्यांमुळे त्यातल्या कृष्णवर्णीय कलाकारांना तिथे जागा नव्हती. २९ फेब्रुवारी १९४० ला सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर तिला मिळालं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. समारंभ ज्या हॉटेलात होता, तिथे काळ्या माणसांना प्रवेश नव्हता. निर्मात्यानं खास परवानगी काढली, तेव्हा ती आत येऊ शकली. तरी बसवलं ते बाकीच्या कलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या वेगळ्या टेबलाशी. आपण आपल्या समाजाला आणि या व्यवसायाला भूषण ठरू, अशी आशा तिनं भाषणात व्यक्त केली आणि डोळे पुसत ती त्या टेबलाकडे परतली.

बक्षिसानंतर भूमिका बदलल्या का? नाही. पुन्हा एप्रन, पुन्हा स्वयंपाकघर. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'एनएएसीपी' या संघटनेचे नेते वॉल्टर व्हाइट यांनी अशा भूमिकांविरुद्ध हॉलिवूडमध्ये मोहीम उघडली. टीकेचा रोख हॅटीसारख्या नटींवरही आला. मोलकरीण होऊन सात डॉलर मिळवण्यापेक्षा मोलकरणीचं सोंग घेऊन सातशे का मिळवू नयेत, असं उत्तर तिच्या नावावर सांगितलं जातं.

व्हाइट यांचा मुद्दा खोटा नव्हता, हे मला आजही वाटतं. हसतमुख, स्वामिनिष्ठ मॅमी पाहून लाखो गोऱ्या प्रेक्षकांना आपल्या पूर्वजांविषयी निश्चिंत वाटलं असणार. त्याची किंमत खऱ्याखुऱ्या कष्टकरी काळ्या बायकांनी मोजली. पण ती भूमिका लिहिणारे, पैसे ओतणारे, तिकिटं काढणारे कोण होते? जाब मात्र विचारला गेला तो साखळीतल्या शेवटच्या बाईला. तिनं काम सोडलं असतं तर दुसरी उभी केली असती. किंवा बाईसुद्धा लागली नसती. रेडिओवरच्या 'ब्यूला' या काळ्या मोलकरणीचा आवाज आधी गोरे पुरुष काढत होते! १९४७ मध्ये ते काम हॅटीकडे आलं.

तिच्या आयुष्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र पडद्यावरची नाहीच. एप्रनच्या कमाईतून तिनं लॉस एंजेलिसच्या वेस्ट ॲडम्स भागात घर घेतलं. तिथल्या खरेदीखतांत अट असायची, की घर काळ्या माणसाला विकायचं नाही. गोऱ्या शेजाऱ्यांनी या अटीवर बोट ठेवून तिच्यावर आणि तिथल्या इतर कृष्णवर्णीय घरमालकांवर दावा ठोकला. लुईस बीव्हर्स आणि एथेल वॉटर्स या नटीही त्यांत होत्या. हॅटीनं शेजारपाजार एकत्र केला. लॉरेन मिलर या कृष्णवर्णीय वकिलानं बाजू मांडली, आणि डिसेंबर १९४५ मध्ये न्यायाधीशांनी राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेऊन दावा फेटाळला. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अशा अटी न्यायालयांमार्फत बजावता येणार नाहीत, असा निकाल दिला. पडद्यावर मालकाच्या घराबाहेर जिला जग नव्हतं, ती प्रत्यक्षात स्वतःच्या घराच्या हक्कासाठी कोर्टात उभी राहिली आणि जिंकली.

पण विजय तिथेच संपला. २६ ऑक्टोबर १९५२ ला स्तनाच्या कर्करोगानं ती गेली. हॉलिवूडच्या स्मशानभूमीत आपल्याला पुरावं, ही तिची इच्छा होती. ती जागा फक्त गोऱ्यांसाठी होती, म्हणून नकार आला. १९९९ मध्ये तिथे तिचं स्मारक उभारलं गेलं. तिनं हॉवर्ड विद्यापीठाला दिलेलं ऑस्कर पुढे हरवलं, ते २०२३ मध्ये नव्यानं देण्यात आलं. तिच्यानंतर दुसऱ्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला, व्हूपी गोल्डबर्गला, ऑस्कर मिळायला १९९१ साल उजाडलं. आणि २०१२ मध्ये ऑक्टेव्हिया स्पेन्सरला ते मिळालं तेव्हा भूमिका होती – मोलकरणीची.

मैत्रिणींनो, हॅटीला देवी करावं असं मला म्हणायचं नाही. प्रतिमांवरची टीका आपण सोडताही कामा नये. पण बारमध्ये नाचणाऱ्या बाईविषयी, जाहिरातीतल्या मुलीविषयी बोलताना आपलं बोट आधी तिच्याकडेच वळतं. तिला दुसरं कोणतं काम देऊ केलं गेलं होतं, हे विचारायचं राहून जातं. शिबिरातल्या त्या बाईला हा प्रश्न सुचला, कारण ती रोज त्याच दारातून आत जाते. मला तो सुचला नव्हता, कारण माझ्या घरी दार उघडणारी मी आहे.