वेटलिस्टवरचे मालक

टाइमशेअरचे, म्हणजे सुट्टीतल्या मुक्कामाचे, पॉइंट विकणारे आणि त्या धंद्याला शिव्या घालणारे, दोघेही एकच गोष्ट गृहीत धरून भांडतात. इथे मालकी विकली जाते, हे ते गृहीत. विकणारा म्हणतो, ‘सर, भाड्याच्या खोलीत किती वर्षं उतरणार? मालक व्हा.’ टीकाकार म्हणतो, ‘मालकीच्या नावाखाली कागद हातात ठेवला, लुबाडलं.’ माझं म्हणणं असं की टाइमशेअर ही मालकी नाही आणि मुळात लुबाडणूकही नाही. ती पुढच्या अनेक वर्षांच्या मुक्कामापोटी दिलेली उचल आहे. देणारे तुम्ही, घेणारी कंपनी. एवढं पक्कं धरलं तर कोणता आक्षेप खरा आणि कोणता पोकळ, हे सांगायला फार वेळ लागत नाही.

आमच्या वर्धा जिल्ह्यात पहिला आक्षेप येतो तो नैतिक. गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमाच्या सावलीत राहायचं आणि रिसॉर्टचे पॉइंट मोजायचे, हे शोभतं का? ज्यांनी गांधीजींना फक्त फोटोत पाहिलं त्यांचा हा आक्षेप आहे. १९४४ च्या मे महिन्यात आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधीजी विश्रांतीसाठी जुहूला राहिले, मग पाचगणीला गेले. पुढच्या उन्हाळ्यात महाबळेश्वरला. नवतपात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की ज्याला परवडतं त्याने चार दिवस थंड हवेला जावं. त्यात काय चोरी आहे? विश्रांतीला ऐष म्हणणाऱ्यांशी याहून जास्त वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, कारण त्यामागे पोळलेली माणसं आहेत. ‘टाइमशेअर? म्हणजे ते पॅनकार्डसारखंच ना?’ मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज कंपनीने हॉटेलातल्या ‘रूम नाइट्स’ विकल्या. त्या न वापरल्या तर मुदतीनंतर वाढीव रक्कम मिळेल, असं त्या योजनेचं रूप होतं. एजंट गावोगाव पोचले. पन्नास लाखांहून अधिक लोकांचे सात हजार कोटींवर रुपये त्यात गेले. सेबीने या योजनेला सामूहिक गुंतवणूक योजना ठरवलं आणि २०१६ मध्ये पैसे परत करण्याचा आदेश दिला. कित्येकांचे पैसे अजून अडकलेले आहेत. या प्रकरणाची चीड यायलाच हवी, पण त्यावरून निष्कर्ष उलटा काढला जातो. तिथे खोली निमित्तमात्र होती, लोक रक्कम वाढेल म्हणून आले होते. खरा टाइमशेअर घेणारा त्या खोलीत जाऊन झोपणार असतो. तेव्हा ओळखायची खूण सोपी आहे. समोरचा माणूस मुक्कामाबद्दल कमी आणि परताव्याबद्दल जास्त बोलू लागला की उठावं, चहा पूर्ण प्यायचीही वाट पाहू नये.

आता विकणाऱ्यांकडे वळू. यांची मांडणी एकदा नागपूरच्या एखाद्या हॉटेलात, नवराबायको दोघांनी यायलाच हवं या अटीवर, भेटवस्तूच्या कूपनासह ऐकावी अशी असते. हिशेब मोठा गोड. समजा सदस्यत्व ४ लाखांचं, २५ वर्षांचं, वर्षाला ७ रात्री. म्हणजे १७५ रात्री, रात्रीला २,२८६ रुपये. ‘एवढ्यात गोव्यात काय मिळतं, सर?’ या हिशेबात दोन गोष्टी गाळलेल्या असतात. चार लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला २८,००० व्याज आलं असतं. शिवाय सदस्य ज्याला नुसतं ‘एएसएफ’ म्हणतात ते वार्षिक शुल्क, समजा २०,०००. ते गेलात तरी भरायचं, नाही गेलात तरी भरायचं, त्यावर जीएसटी वेगळा, आणि ते दरवर्षी तेवढंच राहील असं कोणी लिहून देत नाही. हे ४८,००० सात रात्रींवर वाटले तर रात्र ६,८५७ ला पडते. चारच रात्री मिळाल्या तर १२,००० ला. मूळ चार लाख गेले ते वेगळेच. जेवण आणि वर्ध्याहून मडगावपर्यंतचं गाडीभाडं अर्थात तुमचं.

तरीही हा हिशेब माझ्या मते दुय्यम आहे. महाग वस्तू विकणं हा गुन्हा नव्हे. खरी गोम पॉइंटांमध्ये आहे.

ही पद्धत १९६० च्या दशकात युरोपात सुरू झाली, तेव्हा आठवडा विकला जाई. आल्प्समधल्या अमुक रिसॉर्टचा अमुक आठवडा तुमचा. गैरसोयीचं होतं, पण काय विकत घेतलं ते स्पष्ट होतं. मग सीझन आले, सर्वात गर्दीच्या जांभळ्यापासून उतरत्या क्रमाने लाल, पांढरा, निळा. मग पॉइंट आले, आणि लवचीकता मिळाली असं सांगितलं गेलं. पॉइंट म्हणजे एक चलन. ते छापणारी कंपनी, दिवाळीच्या आठवड्याला किती लागतील हे ठरवणारी कंपनी, कधी बाद होतील हे ठरवणारीही तीच. रुपयाचं असं झालं तर देशात दंगा होईल.

आता एक खोली घ्या. वर्षाचे ५२ आठवडे, दोन डागडुजीला गेले, उरले ५०. म्हणजे त्या खोलीमागे फार तर पन्नास कुटुंबं. पण दिवाळीच्या आठवड्यात त्यातलं एकच मावतं. ठरावीक आठवडा असता तर उरलेल्या एकोणपन्नासांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. पॉइंटांत त्या पन्नासही जणांना वाटत राहतं की दिवाळी आपली, आणि सगळे वेटलिस्टवर जातात. लवचीकतेच्या नावाखाली गर्दीची जोखीम कंपनीकडून सदस्याच्या अंगावर सरकली, ती इथे. सावंगी-सेवाग्रामचा डॉक्टर असो की आर्वी-पुलगावचा शिक्षक, ज्याची रजा दिवाळी आणि मे महिन्याला बांधलेली आहे त्याने पॉइंट घेणं म्हणजे त्याच गर्दीत पैसे भरून उभं राहणं. हिंगणघाटच्या जिनिंगवाल्याची तर दिवाळीपासून कापसाच्या हंगामातच धांदल असते. त्याचा जांभळा सीझन कोणी वापरायचा?

मग घेतलंच असेल त्याने काय करावं? इथे मात्र मी टीकाकारांची साथ सोडतो. ‘बुकिंग कधी मिळतच नाही’ हे अर्धसत्य आहे. हव्या त्या तारखेला मिळत नाही, एवढं खरं. राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी. त्या फटीत पुण्या-मुंबईची मुलं वर्गात बसलेली असतात आणि आपली घरी उकाड्यात लोळत असतात. कोकणात, महाबळेश्वरात पाऊस सुरू झालेला, सीझन उतरलेला, पॉइंट कमी. शुक्रवार-शनिवार टाळून रविवार ते गुरुवार धरलं तर बहुतेक पद्धतींत आणखी कमी. समुद्रात उतरता येत नाही हे कबूल. पण वर्ध्याच्या माणसाला जूनमध्ये नुसता पाऊस पाहायला मिळाला तरी पैसे वसूल.

बाकीचं काम कंटाळवाणं आणि कारकुनी आहे. बुकिंगची खिडकी कंपनीप्रमाणे सहा, नऊ किंवा बारा महिने आधी उघडते, ती तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवावी. मोठ्या कुटुंबासाठी एका मोठ्या खोलीऐवजी दोन स्टुडिओ कमी पॉइंटांत बसतात का ते पाहावं. मुदत संपत आलेले पॉइंट शेवटच्या महिन्यात खपवायला जाऊ नये, तेव्हा सगळेच निघालेले असतात. आरसीआयसारख्या अदलाबदल संस्थेत आठवडा जमा करायचा तर लवकर करावा. उशिरा जमा केलेल्याला बाजारात भाव कमी येतो.

पण सदस्याची हुशारी ही कायद्याची जागा घेऊ शकत नाही. युरोपीय संघाने २००८ च्या निर्देशातच चौदा दिवसांत विनाकारण करार मोडायचा हक्क ग्राहकाला दिला. भारतात टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही. रद्द करायची मुदत किती, हे करारातल्या बारीक टायपात शोधावं लागतं. माझी मागणी एकच आहे. प्रत्येक सीझनला किती खोल्या आणि त्यांच्यावर हक्क सांगणारे किती सदस्य, हा आकडा सहीच्या आधी, पहिल्या पानावर छापणं सक्तीचं करावं. उचल देणाऱ्याला एवढं कळलंच पाहिजे.

तोवर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा हाताशी आहे. कंपनीचं कार्यालय मुंबईत असो की चेन्नईत, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. एवढंच की सेवेतल्या कसुरीची तक्रार वर्ध्यात चालते, पण करारच अन्यायकारक आहे असं म्हणायचं असेल तर दाद राज्य आयोगाकडे मागावी लागते. त्याचं खंडपीठ नागपूरला बसतं, आणि तिथे करारासोबतच वेटलिस्टचे जुने मेसेजही न्यावे लागतील, तेव्हा ते फोनमधून पुसू नका.