डोंग्यालाही कायद्याचं बळ द्या

प्रति,
मा. बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्री, भारत सरकार
मा. मत्स्यव्यवसाय व बंदरे मंत्री, महाराष्ट्र राज्य



2025 साली संसदेने 1908 चा बंदर कायदा आणि 1958 चा व्यापारी नौवहन कायदा बदलून नवे कायदे केले. सप्टेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणीसाठी 69,725 कोटींचं पॅकेज मंजूर केलं. त्याआधी एप्रिलमध्ये महाराष्ट्राने स्वतःचं जहाजबांधणी धोरण आणलं. जगाच्या जहाजबांधणीत भारताचा वाटा एक टक्काही नाही, तेव्हा हे व्हायलाच हवं होतं. त्याचं मनापासून स्वागत.

हे पत्र मात्र समुद्रापासून शेकडो कोस दूर, वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाजवळून लिहितो आहे. इथेही माणसं पाण्यावर जगतात.

22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींनी या धरणाची पायाभरणी केली. पुढे 33 दरवाज्यांमागे वैनगंगा तुंबली आणि तिचा तलाव झाला. नदी होती तेव्हा इथल्या ढिवर मच्छीमारांना तिचा प्रत्येक डोह, प्रत्येक उथळ जागा तोंडपाठ. आता पाण्याखाली बुडालेली शेतं आहेत, झाडांची खुंटं आहेत. एवढ्या उघड्या पाण्यावर वारा सुटला की लाटा उठतात. त्यांचा डोंगा (लहान नाव) मात्र तोच राहिला, वाहत्या नदीसाठी बांधलेला, कमी काठाचा. सरकारने पाणी बदललं. त्या पाण्याला साजेशी नाव कोण देणार, हे कोणीच ठरवलं नाही.

2016 च्या कायद्याने 111 राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले. त्यात वैनगंगा-प्राणहिता 109 क्रमांकावर आहे, पण चंदापूरच्या पुलापासून खाली. आमचा जलाशय वरच राहिला. तो जलमार्ग इथवर आणा, असं मी म्हणत नाही. हे पाणी धानाच्या बांध्यांसाठी अडवलंय, त्यात मालवाहू बार्ज नकोत. सुरक्षित नाव मात्र हवी. 23 जानेवारी 2024 ला गडचिरोली जिल्ह्यात गणपूरजवळ मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या मजूर बायांची नाव याच वैनगंगेत उलटली आणि बाया बुडून मेल्या. रोजीसाठी निघाल्या होत्या त्या.

कायदा नाही, अशी सबब सांगता येणार नाही. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात बिनइंजिनाच्या नावांची नोंदणी आणि किमान सुरक्षितता यांची तरतूद आहे, आणि ते काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवता येतं. ग्रामपंचायतीला त्यासाठी माणूस द्या, पैसा द्या. नोंदणी फुकट असू द्या, आणि नोंदणीसोबत लाइफ जॅकेट हातात पडू द्या. नुसता दंडाचा कागद आला तर ढिवर डोंगा लपवेल, एवढंच होईल.

राज्यात मत्स्यव्यवसाय आणि बंदरे ही दोन्ही खाती एकाच मंत्र्यांकडे आहेत, ही आमच्यासाठी मोठी संधी आहे. जहाजबांधणीच्या पैशातला अगदी लहानसा भाग पवनीत नाव बांधण्या-दुरुस्तीच्या कार्यशाळेला द्या. तिथे ढिवरांच्या पोरांना फायबरचं काम आणि इंजिनदुरुस्ती शिकवा. गोसीखुर्दला जलपर्यटनाचा प्रकल्प होतोच आहे. त्याच्या बोटी चालवण्या-सांभाळण्याचा पहिला हक्क ढिवरांच्या मच्छीमार संस्थांना मिळाला पाहिजे. ज्यांची गावं पाण्यात गेली, त्यांना त्या बोटींवर नुसतं झाडू मारायला ठेवू नका.

या पावसाळ्याआधी निदान डोंग्यांची नोंदणी आणि लाइफ जॅकेट, एवढं तरी सुरू करा.

आपला,
पवनी तालुक्यातील एक नागरिक