पैशाचा रेडिओ राहू द्या, वजनाचा आणा



गेल्या महिन्यात कामानिमित्त वडशाला जाणे झाले. स्टेशनच्या पाटीवर वडसा, तहसिलीच्या पाटीवर देसाईगंज, गाव एकच. तिकडे आपल्यासारखा ऊस नाही, धान आहे. राईस मिली, मोठा बाजार, आणि गाव सोडले की जंगल. आमच्या एका सभासदाचे जावई तिथे मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतात. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. दुकान बंद केल्यावर रात्री बारापर्यंत ते जे करत बसतात, त्याला त्यांची सासरवाडी पोट्ट्याचे खेळ म्हणते. आम्हीही तेच समजून गेलो होतो. परत येताना मत निम्मे बदलले. निम्मेच.

त्यांचा पहिला खेळ रेडिओचा. साबणाच्या डबीएवढे यंत्र, आत चार्ज होणारा सेल, वर वीतभर अँटेना, बाजूला वहीच्या पानाएवढे सोलर पॅनेल. या डबीतून बोलता येत नाही, फक्त लिहिलेला निरोप जातो, आणि तोही थोडका. इंग्रजी अक्षरे दोनशेच्या आसपास मावतात. मराठीत लिहाल तर सत्तर, कारण आपले एक अक्षर यंत्राच्या हिशेबात तिघांची जागा अडवते. एका डबीचा निरोप दुसरी ऐकते आणि पुढे सोडते, तिसरी त्याच्या पुढे. रानडुकरांची राखण करताना एका मचाणावरची हाळी दुसऱ्या मचाणावरचा पुढे देतो, तसेच. यालाच मेश, म्हणजे जाळे, म्हणतात. मधे टॉवर नाही, कंपनी नाही, महिन्याचे रिचार्ज नाही. लोरा नावाच्या या रेडिओवर चालणारी मेशटॅस्टिक ही फुकट मिळणारी प्रणाली २०२० साली निघाली. आपल्या देशात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा एक वॅटपर्यंतच्या यंत्रांसाठी सरकारने २००५ सालीच विनापरवाना मोकळा केला आहे. यंत्र मात्र मान्य बनावटीचे हवे. शिवाय जिल्हा गडचिरोली, तेव्हा छपरावर अँटेना उभी करण्याआधी जावईबापू पोलिस ठाण्यात सांगून आले. हे त्यांनी शहाणपणाचे केले.

एक डबी ओळखीच्या राईस मिलच्या छपरावर, दुसरी वडिलांच्या बांधीतल्या मचाणावर. उन्हाळ्यात निरोप सुरळीत जातो. पावसाळ्यात झाडे पानांनी भरून भिजली की अडखळतो. मधल्या टेकाडावर तिसरी ठेवली, तेव्हा जरा सुधारले. याचा उपयोग काय, असे आम्ही विचारले. २०२२ साली वडसा, ब्रह्मपुरी, भंडारा या भागांत मिळून तेरा माणसे मारणारा वाघ ऑक्टोबरात पकडला गेला, ते दिवस तिकडचा माणूस विसरलेला नाही. ‘एकाले दिसला, तं दहा जनाले समजते जी,’ एवढेच ते म्हणाले. रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

दुसरा खेळ पैशाचा, आणि इथे आमचे जमले नाही. बिटकॉइन हे नाव आपण वर्तमानपत्रात वाचले असेल, बहुधा फसवणुकीच्या बातमीत. २००९ साली सुरू झालेल्या या चलनाला बँक नाही. कोणी कोणाला किती दिले याची एकच मोठी खतावणी, आणि तिच्या नकला जगभर हजारो संगणकांत. अशी नक्कल ठेवणाऱ्या संगणकाला नोड म्हणतात, जाळ्यातली गाठच म्हणा. जावईबापूंच्या दुकानात असा एक नोड पंख्याखाली रात्रंदिवस चालतो. खतावणी सहाशे जीबीच्या पुढे गेली, म्हणून तिच्यासाठी वेगळी डिस्क घ्यावी लागली.

त्यांनी धाकट्या भावाला शेतात पाठवले आणि तिथून डबीवरून दोनशे रुपयांच्या आतले चलन दुकानात धाडायला सांगितले. सही केलेला व्यवहार एका निरोपात मावत नाही. तीन तुकडे झाले. तिन्ही पोचले. पण दुकानातले इंटरनेट दुपारपासून बंद! व्यवहार तिथेच बसून राहिला आणि संध्याकाळी नेट आल्यावर पुढे गेला. म्हणजे रेडिओने पैसा नेला नाही, पैशाचा निरोप नेला. जगाच्या खतावणीत नोंद पडेपर्यंत पैसे मिळाले असे म्हणता येत नाही. लाइटनिंग नावाची झटपट पद्धत आहे, पण तिला दोन्ही टोके एकाच वेळी जोडलेली लागतात, म्हणजे पुन्हा तेच. वर हे आपल्या देशाचे कायदेशीर चलन नव्हे. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली बँकांना त्यापासून दूर राहायला सांगितले, ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केले, आणि २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर बसला. भावाचा तर भरवसाच नाही. ज्याचे वर्षाचे गणित एका ऊसबिलावर चालते, त्याने या वाटेला जाऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. साध्या फोनवरून यूपीआय करण्याची सोय २०२२ पासून आहे. टॉवर असेल तिथे आपल्याला तेवढी पुरे.

पण त्या खतावणीची एक गोष्ट आमच्या डोक्यातून जाईना. हिशेब एकाच्या कपाटात नाही, सगळ्यांच्या घरी आहे. एकाने आकडा फिरवला तर बाकीचे तो मानत नाहीत.

आता आपल्याकडे पाहा. टोळी ऊस तोडते, मुकादम गाडी भरून घेतो, चिटबॉय चिठ्ठी फाडतो, गाडी काट्यावर जाते. भरीत वजन, रिकामे वजन, बाकी निव्वळ. हा आकडा पडतो तेव्हा ज्याचा ऊस तो सभासद बहुधा घरी किंवा वावरात असतो. चिठ्ठी ड्रायव्हरच्या खिशातून कधी संध्याकाळी येते, कधी चार दिवसांनी. मागच्या हंगामात एका सभासदाच्या दोन खेपा दुसऱ्याच्या नावावर पडल्या. कोणाची लबाडी नव्हती, नावे सारखी होती. पण निस्तरायला बारा दिवस लागले, कारण नोंद एकच आणि ती ऑफिसात. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. चौदा दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाल्यास वर्षाला पंधरा टक्के व्याज, असे त्यात आहे. ते ठीक, पण पैसे कोणत्या वजनाचे, हे तर सभासदाला त्याच दिवशी कळले पाहिजे की नाही?

वारणेने हे फार आधी ओळखले. १९९८ साली तिथे सुमारे सत्तर गावांसाठी संगणक केंद्रांची योजना निघाली. जगभरची माहिती गावात येणार होती. पण शेतकरी केंद्रावर यायचा तो मुख्यतः आपल्या उसाचे वजन आणि खताचा हिशेब पाहायला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने तीच माहिती मोबाइलच्या एसएमएसवर देऊन पाहिली. ते संगणकापेक्षा स्वस्त पडले आणि शेतकऱ्यांना जास्त आवडले.

मग एसएमएसच पाठवा, डबी कशाला, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. जिथे रेंज आहे तिथे एसएमएसच पाठवावा, आणि येत्या हंगामापासून पाठवावा. डबी आहे ती जंगलालगतच्या आणि नदीकाठच्या आपल्या गावांसाठी, जिथे वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो. सभासद क्रमांक, खेप, दोन वजने आणि वेळ, एवढे आकडे एका निरोपात आरामात बसतात. तोडणीची वेळही त्यात घातली तर भरलेली गाडी काट्याबाहेर किती तास वाळत उभी होती, तेही उघडे पडेल. हे काहींना आवडणार नाही याची आम्हांला कल्पना आहे.

आपले टनेज शेजाऱ्याला कळेल, अशी शंका दोघा-तिघांनी काढली. निरोप कुलूपबंद करून ज्याचा त्यालाच वाचता येईल असे करता येते. आमचे विचाराल तर सहकारात टनेज झाकण्यासारखे काही नाही, पण ज्याची त्याची मर्जी.

एक मात्र ध्यानात ठेवावे. काट्यावरच आकडा चुकीचा पडला, तर हजार घरी तोच चुकीचा आकडा जाईल. काट्याची तपासणी वैधमापन खात्याचीच, आणि त्या वेळी सभासदांपैकी दोघे तरी हजर हवेत. नक्कल एवढेच करील की पडलेला आकडा मागाहून गुपचूप बदलणार नाही.

जावईबापू पुढच्या महिन्यात दोन डब्या घेऊन येतो म्हणाले आहेत. काटा ते गट ऑफिस एवढेच आधी पाहायचे आहे. या वाटेवर ज्यांची उंच गच्ची किंवा पाण्याची टाकी असेल, त्यांनी शेतकी खात्यात नाव द्यावे. डबी चोरीला गेल्यास भरपाई कोणी करायची, हे मात्र आधी लिहून घ्यावे.