चकल्या घरच्या आणि विकतच्या

फटफटीवरून काढता येईल तेवढे काढून टाकायचे आणि उरलेल्या सांगाड्यावर पालथे पडून सुसाट सुटायचे, या विद्येचे नाव 'कॅफे रेसर'. कॅफे म्हटले की गिरगावकराला इराण्याचा संगमरवरी मेज आणि ब्रूनमस्का आठवतो. तिथे शर्यत लागलीच, तर बिल दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याची!

या पंथाचे पंढरपूर म्हणजे लंडनचे 'एस कॅफे'. १९३८ साली उघडले, युद्धात बॉम्बने पडले, १९४९ साली पुन्हा उभे राहिले. तिथे जमणारी पोरे बहुतेक कामकरी. मजुरीच्या पैशांतून गाडी घ्यायची, हँडल खाली उतरवायचे, पायखुंट्या मागे न्यायच्या, मडगार्ड कापायचे, एकट्यापुरती बैठक ठोकायची. ध्यास एकच, ताशी शंभर मैल! नॉर्टनच्या सांगाड्यात ट्रायम्फचे इंजिन बसवून 'ट्रायटन' नावाचे अपत्यही त्यांनी जन्माला घातले. त्या वेगापायी कित्येक तरणी पोरे जिवानिशी गेली, हे मात्र त्यांचे पोवाडे गाणारे हळूच गाळतात. १९६९ साली एस कॅफे बंद झाले.

आमच्या लालबाग-परळला ही हौस कशी परवडावी? १९६१ पासून म्हैसूरला निघालेली जावा काय, मद्रासची बुलेट काय, गाड्या संसाराच्या. जिच्यावर नवरा, बायको, पुढे टाकीवर धाकटा आणि हँडलला भाजीची पिशवी, तिची बैठक एकट्यापुरती कापू देणारा बाप या गिरणगावात तरी विरळाच!

आता काळ पालटला. २००१ साली एस कॅफे पुन्हा उघडले. विलायतेतली एनफिल्ड केव्हाच बुडाली होती. तिच्या मद्रासच्या लेकीने २०१३ साली जुनी 'कॉन्टिनेन्टल जीटी' नव्याने काढली, तीही थेट लंडनला जाऊन. २०१८ साली दोन सिलिंडरांची, ६५० सीसीची आली. पूर्वी ज्या शंभर मैलांसाठी पोरे रात्र-रात्र पाने घेऊन बसत, ते आता दुकानात हप्त्याने मिळतात. पण चकल्या विकत आणल्या म्हणून तळणीची मजा येते थोडीच?

घरी तळावे, तर कायदा आडवा. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहेच. शिवाय कारखानदाराने नोंदवलेल्या मूळ घडणीशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही बजावले. रस्त्यावरचे मरण पाहता ते मला पटते. पण कानशील आणि पाना घेऊन शिकलेला कारागीर त्यात उगाच भरडला जातो, याचे वाईट वाटते.

आणि पळवणार कुठे? जे. जे.च्या उड्डाणपुलावर २०१० पासून दुचाकीला बंदी. तेव्हा भायखळ्याहून निघालेला आमचा वीर पुलाखालच्या गर्दीत हातगाडीमागून पालथा रांगतो. त्याच्या मनगटांचे काय होते, ते हाडवैद्याला विचारावे.