आजीची डबी आणि आबांचा उशीर

मुलांनो,

या आठवड्यात तुमची पत्रं उघडायला बसलो आणि दोन पत्रं बाजूला काढून ठेवली. एक सातारा जिल्ह्यातलं, कोरेगाव तालुक्यात सातवीत शिकणाऱ्या मुलीचं. दुसरं सांगली जिल्ह्यातलं, तासगावकडच्या नववीतल्या मुलाचं. नावं छापू नका, असं दोघांनीही लिहिलंय, म्हणून छापत नाही. दोघांची ओळख नाही. पण एकाच्या प्रश्नाचा धागा दुसऱ्याच्या प्रश्नात अडकलेला आहे. म्हणून आज दोघांना मिळून एकच उत्तर.

आधी मुलीचं पत्र. तिची आजी मिश्री लावते. दर आठ-पंधरा दिवसांनी तव्यावर तंबाखू भाजते, तेव्हा घरभर ठसका लागतो. मग ती काळी झालेली तंबाखू कुटून डबीत भरते. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, दुपारी, झोपताना बोट डबीत जातं आणि दातांवरून फिरतं. शाळेत बाईंनी तंबाखूचे तोटे सांगितले. हिनं घरी येऊन सांगितलं. तर आजी म्हणाली, "अगं, पन्नास वर्सं लावतीया मी. मला काय धाड भरलीया का? आन् ह्यात धूर हाय का, बिडी हाय का?" मुलगी विचारते, "काका, आजीला काय उत्तर देऊ?"

आता मुलाचं पत्र. त्याचे आबा द्राक्षबागेत राबणारे. मागच्या वर्षी एका रात्री नऊच्या सुमाराला जेवण झालं आणि आबांच्या छातीत जड वाटायला लागलं. घाम फुटला. घरातले म्हणाले, पित्त झालंय. सोडा दिला, ओवा दिला, पाठ चोळली. पहाटे शेजाऱ्यांची गाडी मिळाली आणि पाच वाजता ते सांगलीला पोचले. तिथं डॉक्टरांनी शिर उघडली, स्प्रिंग टाकली, आबा वाचले. पण डॉक्टर म्हणाले, "उशीर केलात." आता आबा बागेत चार ओळी चालले की धापा टाकतात. मुलानं लिहिलंय, "काका, उशीर म्हणजे किती? मी तिथंच होतो. आबांना घाम आलेला मला दिसत होता. मी तेव्हाच ओरडलो असतो तर?" आणि शेवटी एक ओळ, "आबा अजून मोटारीच्या खोलीत जाऊन चोरून तंबाखू मळतात."

मुलांनो, हे पत्र वाचून मी चष्मा काढून थोडा वेळ गप्प बसलो होतो.

आधी हृदयाचं काम समजून घेऊ. आपली मूठ आवळा. साधारण तेवढंच तुमचं हृदय. मोठ्या माणसाचं हृदय मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाला एक लाखाच्या वर ठोके देतं. करा गुणाकार! सत्तर गुणिले साठ गुणिले चोवीस. साऱ्या अंगाला रक्त पुरवणाऱ्या या पंपाला स्वतःलाही रक्त लागतं. ते त्याला बाहेरून वेढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून मिळतं.

तासगावच्या मुलांना ठिबक सांगायला नको. नळीत क्षार साचत जातात. वरून काही दिसत नाही, वेली हिरव्याच असतात. आणि एक दिवस नळी तुंबते. हृदयाच्या वाहिन्यांतही असंच वर्षानुवर्षं चरबीचं किटण साचतं. मग एखाद्या दिवशी ते किटण फुटतं, तिथं रक्ताची गाठ धरते आणि वाहिनी बंद होते. पुढच्या स्नायूला रक्त मिळेनासं होतं. यालाच हार्ट अटॅक म्हणतात. पाणी तुटल्यावर वेल लगेच मरत नाही, आधी माना टाकते. वेळेत पाणी आलं तर पुन्हा उभी राहते. उशिरा आलं तर काही वेली वाळलेल्याच राहतात. आबांच्या हृदयाचं हेच झालं. स्प्रिंग टाकल्यावर रक्त सुरू झालं, पण तोवर स्नायूचा काही भाग गेला होता. म्हणून त्यांना धाप लागते.

आता आजीचा प्रश्न. धूर नाही, मग हृदयाला काय होणार? तंबाखूत निकोटिन नावाचं द्रव्य असतं. ते धुरावाटे फुप्फुसातून रक्तात जातं, तसंच हिरड्यांच्या ओल्या कातडीतूनही जातं. रक्तात गेलं की काही मिनिटांत नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. आजीला जी 'तरतरी' वाटते ना, ती हीच. दिवसातून पाच वेळा तरतरी म्हणजे पाच वेळा हृदयाला जादा काम.

हे मी मनानं सांगत नाही. जगातल्या ५२ देशांत एक मोठा अभ्यास झाला, त्याचं नाव 'इंटरहार्ट'. त्याचे प्रमुख होते डॉ. सलीम युसूफ, मूळचे आपल्या केरळातले, कॅनडात संशोधन करणारे. पहिल्यांदाच हार्ट अटॅक आलेले सुमारे पंधरा हजार लोक आणि न आलेले जवळपास तितकेच लोक घेऊन त्यांनी ताडून पाहिलं. २००४ साली निष्कर्ष छापून आले. हार्ट अटॅकचा नव्वद टक्क्यांच्या आसपास धोका नऊच गोष्टींशी जोडलेला होता. धूम्रपान, रक्तातली वाईट चरबी, रक्तदाब, मधुमेह, सुटलेलं पोट, मनावरचा ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायाम न करणं आणि दारूच्या सवयी. म्हणजे 'नशीब' म्हणून आपण कपाळाला हात लावतो, त्यातलं बरंच काही आपल्या घरात, आपल्या ताटात असतं!

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट. भारत, पाकिस्तान, श्रीलंका अशा आपल्या भागातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला होता. इतर देशांत ते वय जवळपास ५९ होतं. आणि २००६ साली तंबाखूचा हिशेब वेगळा मांडला, तेव्हा दिसलं की नुसती तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही अटॅकचा धोका दुपटीहून जास्त होता. हा हिशेब चघळायच्या तंबाखूचा आहे. पण मिश्रीही तंबाखूच. भाजली म्हणून ती औषध होत नाही.

आणि आजीची पन्नास वर्षं? खंबाटकी घाटात उलट्या बाजूनं गाडी घालणारा एखादा रोज सुखरूप घरी पोचतो. म्हणून घाट सुरक्षित होत नाही. जे पोचले नाहीत, ते सांगायला येत नाहीत. धोका दुप्पट म्हणजे प्रत्येकाला अटॅक येतोच असं नव्हे. पण गावात शंभर घरं असतील, तर त्यातल्या जास्त घरांवर ही वेळ येते. आपल्या महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत शंभर प्रौढांमागे सुमारे २४ जण मिश्री, गुटखा, तंबाखू असं बिनधुराचं काहीतरी घेताना आढळले. धूम्रपान करणारे होते सुमारे चार. पाहा, बिडीपेक्षा डबीचं प्रकरण किती मोठं आहे!

आता तासगावच्या माझ्या दोस्ता, तुझ्याकडे वळतो. उशीर म्हणजे किती? गाठ विरघळवणाऱ्या औषधांवर झालेले अनेक अभ्यास एकत्र करून १९९६ साली शास्त्रज्ञांनी एक हिशेब मांडला. त्रास सुरू झाल्यापासून पहिल्या तासात हे औषध मिळालं, तर दर हजार रुग्णांमागे सुमारे ६५ जादा जीव वाचतात. दुसऱ्या तासात मिळालं तर ३७. तिसऱ्या तासात २६. बघ, एका तासात आकडा जवळजवळ निम्मा झाला. म्हणून डॉक्टर पहिल्या तासाला सोन्याचा तास म्हणतात.

आणि उशीर फक्त तुमच्या घरीच झाला असं समजू नकोस. आपल्या देशातल्या ८९ रुग्णालयांत वीस हजारांवर रुग्णांच्या नोंदी ठेवल्या गेल्या आणि २००८ साली छापल्या गेल्या. त्यात निम्म्या रुग्णांना रुग्णालयात पोचायला सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागला होता. त्या नोंदींत मन खिन्न करणारा आणखी एक आकडा आहे. तीस दिवसांत शंभर श्रीमंत रुग्णांपैकी पाच-सहा दगावले, तर शंभर गरीब रुग्णांपैकी आठ. गरिबांचं हृदय काही वेगळं नसतं. त्यांना उपचार कमी मिळाले होते. उपचारातला फरक जमेस धरला की मृत्यूंतला हा फरकही पुसला जात होता.

तू विचारलंस, ओरडलो असतो तर? खरं तेच सांगतो. आबा लवकर पोचले असते तर त्यांच्या हृदयाचा जास्त भाग वाचला असता. पण हार्ट अटॅक म्हणजे सिनेमातल्यासारखं छाती धरून कोसळणं, एवढंच तुला कुणी दाखवलं होतं. अटॅक पित्ताच्या वेषात येतो, हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. तुझ्या आईलाही नाही. छातीतली जळजळ पित्ताची की हृदयाची, हे ईसीजी काढल्याशिवाय डॉक्टरलाही खात्रीनं सांगता येत नाही. तेव्हा तो दोष मनातून काढून टाक. आईलाही हे वाचून दाखव.

आणि आबांना काय सांगायचं? स्वीडनमध्ये लोक तंबाखूची ओलसर पूड ओठाखाली ठेवतात, तिला 'स्नूस' म्हणतात. तिथं अटॅक येऊन गेलेल्या सुमारे अडीच हजार स्नूसवाल्यांचा अभ्यास २०१४ साली छापला गेला. ज्यांनी अटॅकनंतर ती सोडली, त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण न सोडणाऱ्यांच्या जवळपास निम्मं होतं. सोडणारे लोक इतर बाबतीतही काळजी घेणारे असतील, असं संशोधकांनाही वाटलं. तो हिशेब शक्य तेवढा वजा करूनही फरक उरलाच. म्हणजे दोस्ता, आबांचं अजून पुष्कळ हातात आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या रोज घेणं आणि मोटारीच्या खोलीतली पिशवी सोडणं.

पण भांडू नका, मुलांनो. डबी विहिरीत फेकू नका. आजी वाईट नाही आणि हट्टीही नाही. निकोटिनची सवय लागली की ते मिळालं नाही तर डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. ती शिवी देईल, तर ती सवय बोलतेय असं समजा.

त्यापेक्षा एक प्रयोग करा. आजीच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, आपली दोन बोटं ठेवा. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा आणि वहीत लिहा. आजीनं तिच्या वेळेला मिश्री लावली की पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. (तिला मुद्दाम लावायला सांगायचं नाही हं!) असं चार दिवस करा. बहुधा दुसरा आकडा मोठा निघेल. ती वही आजीसमोर ठेवा. स्वतःच्या नाडीचा आकडा आजी सहजासहजी खोटा म्हणणार नाही.

सोडायचं तिच्या मनात आलं तर १८००-११-२३५६ हा फोन आहे. तंबाखू सोडायला मदत करणारा हा सरकारी क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत. आणि "जा रे, पुडी घेऊन ये" असं कुणी म्हटलं तर सांगा, अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे.

दुसरं काम. एका कागदावर मोठ्या अक्षरांत हे लिहून दारामागं चिकटवा :

छातीत जड वाटणं, दाबल्यासारखं होणं किंवा जळजळ. दुखणं हात, जबडा किंवा पाठीकडे सरकणं. गार घाम. दम लागणं. मळमळ. बायकांना आणि मधुमेह असणाऱ्यांना छातीत न दुखताही नुसता दम, घाम, थकवा येऊ शकतो. असं झालं तर वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा. माणसाला बसवायचं, चालवायचं नाही. मनानं गोळी द्यायची नाही, फोनवर सांगतील ते करायचं. जिथं ईसीजी निघतो अशा जवळच्या दवाखान्याचं नाव आणि फोन आजच विचारून त्याच कागदावर लिहा.

आता चार ओळी आईबाबांसाठी. तिशी ओलांडली असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. तपासणीला फार वेळ लागत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयविकाराचे अनेक उपचार येतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड एकाच पिशवीत, हाताशी ठेवा. रात्री अकराला कागद शोधण्यात सोन्याचा तास जाऊ नये. आणि "पोराला काय कळतंय" असं म्हणू नका. घाम आलेला आधी पोरालाच दिसतो.

कोरेगावच्या मुली, तुझ्या वहीतले आकडे मला कळव. तासगावच्या दोस्ता, आबा बागेत किती ओळी चालतात ते महिन्यानं लिही. मी वाट पाहतो.

पुढच्या आठवड्यात, धावताना पोटात कळ का येते ते पाहू.

तुमचा
डॉक्टरकाका